स्क्रीनवर बांधलेली होडी

लाकूड सडवायला किती वेळ लागतो ते मला विचारा. अंगणात उघड्यावर टाकून दिलं तर चार-पाच वर्षं. माझ्याकडे दिलं असतंत तर दीड दिवस, आणि त्यातलाही अर्धा दिवस मशीन अडकून बसायचं म्हणून.

मी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यात आर्टिस्ट होते. राहायला डोंबिवलीत, कोपरच्या बाजूला. ऐंशीच्या दशकात आमचं काम म्हणजे कात्री, कटर, डिंक आणि कुंचला. अक्षरांच्या पट्ट्या कापायच्या, पुठ्ठ्यावर सरळ रेषेत चिकटवायच्या आणि त्या पुठ्ठ्याचा फोटो काढून प्लेट बनायची. फोटोंवर बारीक कुंचल्याने हात फिरवायचं काम शिंदेमामांचं. निवडणुकीतल्या उमेदवाराच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मामा अशी घालवायचे की त्याच्या बायकोलाही संशय यावा.

पुढे आमच्या मालकांनी, बापटसाहेबांनी, संगणक आणला. त्याच्यासाठी काचेची केबिन, एसी, दाराबाहेर पायपुसणं. चपला बाहेर काढायच्या. मशीनपुढे नारळ फोडला तोही केबिनच्या बाहेर, आत पाणी उडायला नको म्हणून. शिंदेमामांनी दोन दिवस माझ्यामागे उभं राहून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी कुंचले धुऊन घरी नेले. त्यांना कोणी जा म्हटलं नव्हतं. थांबा असंही आम्ही कोणी म्हटलं नाही, आणि ते मला अजून खुपतं.

‘संगणकावर काय, बटण दाबलं की झालं,’ असं म्हणणाऱ्या माणसाला मी चहा देते, पण बिस्कीट देत नाही. त्या काळात एक सावली मऊ करायची आज्ञा दिली की पडद्यावर घड्याळाचं चित्र यायचं आणि मी खाली जाऊन चहा पिऊन वर यायचे, तरी ते फिरतच असायचं. चूक झाली तर मागे फिरायची सोय होती, पण एकच पाऊल. दुसरी चूक केलीत की पहिली कायमची तुमची.

लाकडाचं काम माझ्याकडे आलं ते कल्याणच्या एका मसालेवाल्या शेठमुळे. त्यांच्या आजोबांच्या दुकानाची लाकडी पाटी वाळवीने खाल्ली म्हणून वडिलांनी फेकून दिली होती, आणि आता नातवाला ती मसाल्याच्या पुडीवर हवी होती. फोटो नाही, काही नाही. “ताई, तुम्ही बनवा ना पुरानी फळी. एकदम दादाजीवाली.”

संगणकाला लाकूड ठाऊक नसतं. त्याला तपकिरी रंग ठाऊक असतो. त्या तपकिरीत रेषा ओढायच्या, त्या जरा हलवायच्या, मध्येच एक गाठ टाकून रेषांना तिच्याभोवती वळवायचं. तरी ते लाकूड दिसत नाही, प्लायवूडवर चिकटवायचा छापील कागद दिसतो. म्हणून मी खरं लाकूड स्कॅन करायचं ठरवलं. स्कॅनर म्हणजे काचेचा चपटा डबा. काचेवर जे ठेवाल ते आत पडद्यावर येतं. मी घरून पोळपाट नेला. सासूबाईंनी संध्याकाळी विचारलं, “अगं, पोळपाट कुठे गेला?” मी म्हटलं, “ऑफिसला.” त्यांनी त्या दिवशी भात केला आणि दोन दिवस माझ्याशी तोलून मापून बोलल्या. इतकं करून पोळपाट निघाला गुळगुळीत. शेवटी छपाईचं मशीन ज्या खोक्यातून आलं होतं त्याची एक खरबरीत फळी सापडली. तिच्याखाली पारदर्शक कागद घालून मी ती काचेवर ठेवली, तेव्हा बापटसाहेब केबिनच्या दारात डोळे मिटून उभे होते.

मग मी ती सडवली. कडा कुरतडल्या, उभ्या भेगा पाडल्या, भेगांच्या एका बाजूला काळं आणि दुसऱ्या बाजूला उजेडाची बारीक रेघ दिली. भेग खोल दिसते ती त्या रेघेमुळे. खिळे गंजवले, गंजाचे ओघळ सोडले, रंगाचे पोपडे काढले. शेठ आले, चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “फस्क्लास. पण वाळवी थोडी कमी वाटते.” मी वाळवी वाढवली.

त्यानंतर लाइनच लागली. हॉटेलवाला, फर्निचरवाला, एक आयुर्वेदिक तेलवाला, सगळ्यांना जुनं लाकूड हवं. छापखान्यात माझं नाव ‘सडवणाऱ्या ताई’ पडलं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

आमच्या छपाईच्या मशीनवर बाळाराम होता. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, शाईच्या बाबतीत अतिशय काटेकोर माणूस. एका आषाढात जेवणाच्या सुट्टीत तो केबिनच्या दाराशी आला, चपला काढल्या, पण आत आला नाही.

“ताई, एक पर्सनल काम होतं. तुमच्या कम्प्युटरवर आमच्या बाबाची होडी बनेल काय?”

हकीकत अशी होती. बाळारामचे वडील हिराजीदादा, सत्तरी ओलांडलेले. त्यांच्या वडिलांनी बांधून घेतलेली होडी त्यांनी जन्मभर खाडीत चालवली. पुढे खाडीत गाळ भरला, जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिकच्या पिशव्या जास्त येऊ लागल्या आणि मुलं कारखान्यांत लागली. काठावर उभी राहून कुजण्यापेक्षा बरी म्हणून दादांनी स्वतः सुतार बोलावून होडीच्या फळ्या सुट्या करवल्या आणि त्या घरोघर देऊन टाकल्या. पण त्यांच्या घराची रीत अशी, की नारळी पौर्णिमेला नारळ आधी आपल्या होडीच्या नाळेला टेकवायचा, मग खाडीला द्यायचा. नाळ म्हणजे होडीचं पुढचं उंच टोक. होडी नाही तर नारळ टेकवणार कशाला? दोन वर्षं दादा मिरवणुकीला गेलेच नव्हते, घरात बसून राहिले.

“आणि ते धायादादा आहेत ना, शेजारचे,” बाळाराम म्हणाला, “ते सगळीकडे सांगत फिरतात, की हिराजीने होडीची निगा नाय राखली, सडवली, म्हणून मोडायला लागली. बाबाला तेच लागलंय. फोटो असता तर फोटोला नारळ टेकवून खाडीवर आले असते. पण फोटो एवढाच आहे.”

त्याने खिशातून बहिणीच्या लग्नातला फोटो काढला. पुढे नवरा-नवरी, मागे अर्धी नाळ आणि तिच्यावर वाळत घातलेला कुणाचा तरी टॉवेल.

हे सगळं बाळारामने मला आधी सांगितलं होतं, हे मुद्दाम लिहिते. पुढे मी जे केलं त्याला ‘मला माहीत नव्हतं’ ही सबब चालणार नाही.

बापटसाहेबांनी परवानगी दिली. नवं काही करून पाहायची त्यांनाही हौस होती. पौर्णिमेला तीन आठवडे होते. मी दहा दिवस राबले. फोटोतल्या अर्ध्या नाळेवरून दुसरी अर्धी केली, खोक्याची फळी ताणून, वाकवून, एकाखाली एक अशा बारा फळ्या बसवल्या. आणि मग, हाताला सवय होती म्हणून, मी ती जुनी केली. भेगा, गंज, पोपडे, फळ्यांच्या मधे काळ्याशार फटी. साहेब म्हणाले, “नीलाताई, ही तर प्रदर्शनात ठेवायची चीज आहे.” माझंही तेच मत होतं.

बाळारामने वडिलांना आणलं. उंच, काळेसावळे, पांढरा शर्ट इस्त्रीचा. चपला बाहेर काढून ते माझ्याशेजारच्या खुर्चीवर बसले आणि पडद्याकडे बघत राहिले. मी कौतुकाची वाट पाहत होते.

“कोनाची ही?” त्यांनी विचारलं.

“तुमचीच, दादा.”

“माझी?” त्यांनी बोट पुढे केलं आणि काचेपासून वीतभर लांब थांबवलं. “ह्या फटी कसल्या?”

“जुनी होडी ना. जुन्या लाकडाला असं शोभतं.”

“बाय, हिच्यान पानी भरंल. ही होरी धक्क्यावरना निंगायच्या आधी बुरंल.”

दादांच्या बोलण्यात ड चा र आणि ळ चा ल व्हायचा. होडीची होरी, लाकडाचं लाकूर, फळीची फली. मला ते ऐकायला गोड वाटलं असतं, पण त्या क्षणी माझं डोकं तापलं होतं. दहा दिवस! मी जरा फटकळपणेच म्हणाले, “दादा, ते चित्र आहे. त्यात कोणी बसणार नाहीये. हे सौंदर्य असतं.”

“सौंदर्य तुमचे घरान ठेवा. होरीन नको.” ते उठले. आवाज मात्र चढवला नाही. “माझा लाकूर जुना व्हता. होरी जुनी नव्हती. दर साली मी तिला घासली, मोरी मासलीचा तेल पाजला, फटीन कापूस न राल ठोकून भरली. चालीस वरसं माझे होरीन वाटीभर पानी आला नाय. हा फोटू त्या धायानं बगितला तर तो काय बोलंल? बोलंल, बगा, मी सांगत व्हतो.”

ते गेले. बाळाराम माझ्याकडे न बघता त्यांच्यामागे गेला. मी पडद्यावरच्या त्या सुंदर, सडक्या होडीकडे बघत बसले, आणि मला हळूहळू लाज वाटू लागली. एका माणसावर जो आळ होता त्याचा पुरावा मी दहा दिवस खपून, रंगीत, तयार करून दिला होता.

घरी गेल्यावर मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, “त्यांना विचारलं होतंस का आधी?” मी म्हटलं, “फोटो होता ना.” त्या म्हणाल्या, “पोळपाटाच्या वेळीही विचारलं नव्हतंस.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी बाळारामबरोबर कोळीवाड्यात गेले. हिराजीदादा ओटीवर जाळं दुरुस्त करत होते. वापरायचं नसलेलं जाळं माणूस कशाला शिवेल, हा प्रश्न मी गिळला. मी सरळ म्हटलं, “दादा, चुकलं माझं. मला होडी कळत नाही. तुम्ही शेजारी बसून सांगाल तशी करते.”

ते उठले. जाळं बाजूला ठेवून आत गेले आणि काखेत एक फळी घेऊन आले. हातभर लांब, काळी कुळकुळीत. त्यांच्या होडीची हीच एक फळी घरात राहिली होती, आणि सूनबाई तिच्यावर बसून मासळी कापायची.

“मग हिलाच नारळ का नाही टेकवत?” मी विचारलं.

दादांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “बाय, ही पोटाची फली. नारल नालेला टेकवतान. तुमी देवाचे पाया परता का पोटा परता?”

बाळाराम खो खो हसला, आणि दादाही थोडे हसले. तिथून पुढे आमचं जमलं.

फळी मी दहा वेळा पुसून घेऊन, पारदर्शक कागदात गुंडाळून स्कॅनरवर ठेवली. काय लाकूड होतं ते! चाळीस वर्षांच्या तेलाने त्याच्या रेषा आतून चमकत होत्या. तसा रंग मला बटणांनी कधी मिळाला नसता. वासही चाळीस वर्षांचाच होता. एसीने तो केबिनभर नीट वाटला. बापटसाहेब नाकाला रुमाल लावून आले, पडदा बघितला, रुमाल काढला आणि म्हणाले, “असू दे. पण गिऱ्हाईक आलं तर एसी बिघडलाय म्हणा.”

पुढचे पाच दिवस दादा रोज दुपारी येऊन बसायचे. मी फळी वाकवायची आणि ते बघायचे. “वर घे. अजून. नाल मान वर करून पायजे, घुशीसारखी नको.” फळीवर फळी चढवताना त्यांचा अंगठा हवेत फिरायचा, सांधा चाचपल्यासारखा. एकदा त्यांनी दोन पावलं मागं जायला सांगितलं. मी म्हटलं, “दादा, इथे एकच पाऊल मागे जाता येतं.”

“तवरा तरी हाय,” ते म्हणाले. “सुताराला तवरा पन नसतय.”

एक गोष्ट मात्र त्यांनी हट्टाने करून घेतली. होडीच्या आत वाकड्या लाकडांच्या फासळ्या असतात, त्यांच्यावर बाहेरून फळ्या ठोकतात. चित्रात आधी त्या काढ, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, “अहो, त्या दिसणारच नाहीत. वरून फळ्या येणार.”

“नाय दिसल्या तरी पायजेत. नायतर होरी उबी कशी ऱ्हाईल?”

चौदा फासळ्या काढल्या. एकेक मोजून घेतली त्यांनी. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्राचे थर एकावर एक ठेवता यायचे. खालच्या थरात फासळ्या, वरच्यात फळ्या. आणि गंमत अशी, की फासळ्यांवरून फळ्या वळवायला लागल्यावर होडीचं पोट आपोआप खरं दिसू लागलं. आधीच्या होडीचं पोट सपाट होतं, ते मला तोवर कळलंच नव्हतं.

शेवटी मशीनने हात टेकले. इतके थर त्याला पेलवेनात. छपाईला पाठवायचं तर सगळे थर एकत्र चिकटवून एकच चित्र करावं लागणार, म्हणजे फासळ्या फळ्यांखाली कायमच्या गडप. दादांना हे कसं सांगावं याची मला धास्ती वाटली. मी भीत भीत सांगितलं, “आता सगळं एकजीव करायचं. फासळ्या परत वेगळ्या काढता येणार नाहीत.”

“बराबर हाय,” ते म्हणाले. “फल्या ठोकल्यावर कोन फासल्या बाहेर कारतय?”

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बाळारामने होडी छापली. आमच्या मशीनवर मोठा कागद बसत नसे, म्हणून चार तुकडे करून चार कागदांवर. चार रंग एकमेकांवर केसभरही सरकू नयेत म्हणून त्याने किती कागद वाया घालवले ते साहेबांनी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. मग आम्ही चारही कागद प्लायवूडवर चिकटवले आणि दोघंही वाकून बघायला लागलो. कागद जिथे जुळत होते तिथे पांढरी बारीक रेघ दिसत होती. वरून खाली आणि आडवी, थेट होडीच्या पोटातून.

“ताई, फट,” बाळाराम एवढंच म्हणाला.

संगणकाकडे त्यावर इलाज नव्हता. मी टेबलाच्या तळच्या खणातून माझा जुना कुंचला काढला. तीन वर्षं हात लावला नव्हता, केस ताठ झाले होते. कोमट पाण्यात भिजवला, रंग कालवले आणि खिडकीच्या उजेडात ती रेघ भरायला बसले. हाताला हळूहळू सगळं आठवलं. दुपार संपता संपता शेवटचं टोक भरलं. सांधा कुठे होता ते मलाही बोटाने शोधावं लागत होतं.

नारळी पौर्णिमेला मी अर्धी रजा टाकून कोळीवाड्यात गेले. हिराजीदादांच्या ओटीवर होडी उभी केली होती. नाळेला हळदकुंकू, झेंडूचा हार. दादा नवी टोपी घालून, सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ हातात धरून उभे होते. मिरवणूक दाराशी आली आणि थांबली. बेंजो थांबला. गर्दीतून एक ठेंगणा म्हातारा पुढे आला. बाळारामने माझ्या कानात सांगितलं, “हेच धायादादा.”

धायादादा चित्रासमोर उकिडवे बसले. नाळेपासून सुरुवात करून त्यांनी एकेक फळी निरखली. मग अंगठा काढला आणि सांध्यावर टेकवून सावकाश फिरवत नेला. नेमका तिथेच, जिथे कागद जुळले होते. हिराजीदादांनी नारळ छातीशी धरला. आजूबाजूची पन्नास माणसं माना उंचावून बघत होती.

अंगठा शेवटपर्यंत गेला, परत आला. धायादादा गुडघ्यावर हात देऊन उठले.

“पानी नाय येनार हिच्यान,” ते मोठ्याने म्हणाले. मग हिराजीदादांकडे वळून विचारलं, “कापूस कोनी भरला रं?”

“हिनी,” हिराजीदादा म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं.

पुढे मी बरीच वर्षं काम केलं, मोठमोठ्या गिऱ्हाइकांची केली, पण माझ्या कामाला त्याहून मोठं शिफारसपत्र मिळालं नाही. मला तिथेच रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. दादांनी नारळ नाळेला टेकवला. हळदीचा एक पिवळा ठसा छापील लाकडावर उमटला. मग ते ओटी उतरले. धायादादांनी लोकांना बाजूला सारून त्यांना वाट करून दिली, बेंजो पुन्हा सुरू झाला, आणि दोघे म्हातारे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून खाडीकडे निघाले.